३७५० वर क्लास-मॅप लावूनही आवाजाची पॅकेटं डीएससीपी ० का?

क्रिम्पर

डीएससीपी म्हणजे आयपी पॅकेटवरची प्राधान्याची खूण, आवाजाला ४६ हवी. मांडणी अशी: मधे सिस्कोचा कॅटॅलिस्ट ३७५०-एक्स स्विच, त्याला तीन २९६०-एस. साठ येलिंक फोन, प्रत्येकाच्या मागे एक पीसी. आवाजाचं वेगळं आभासी नेटवर्क, म्हणजे व्हॉइस व्हीलॅन २०, सबनेट १०.२०.२०.०/२४. डेटा व्हीलॅन १०. अ‍ॅस्टरिस्क (कॉल जोडणारा) सर्व्हर आणि राउटर दोन्ही कोअरला, म्हणजे मधल्या ३७५० ला. बाहेर १० एमबीपीएस लीज्ड लाइन, एसआयपी ट्रंक (बाहेरच्या कॉलची जोडणी) त्यावरूनच. संध्याकाळी क्लाउडवर बॅकअप सुरू झाला की समोरच्याला आपला आवाज तुटक जातो. त्याचा आवाज आपल्याला नीट येतो. आतल्या आतले कॉल उत्तम.

केलेले उपाय: चारही स्विचवर एमएलएस क्यूओएस (वाहतुकीला प्राधान्य द्यायची सोय) चालू. फोनच्या पोर्टवर एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डिव्हाइस सिस्को-फोन. त्यावर पॉलिसी-मॅप (कुठल्या क्लासच्या पॅकेटांचं काय करायचं ते), त्यातल्या क्लासचा एसीएल (पॅकेटं निवडायची यादी) असा: परमिट यूडीपी एनी एनी रेंज १०००० २००००, आणि सेट डीएससीपी ४६. त्याच क्लासमध्ये डीएससीपीचीही अट हवी होती, पण स्विच दुसरी मॅच घेत नाही. शो पॉलिसी-मॅप इंटरफेस दिलं की सगळे आकडे शून्य. राउटरचा पोर्ट मिरर केला (वाहतुकीची प्रत पाहिली) तर आवाजाची पॅकेटं डीएससीपी ० दिसतात.

नियम चुकलाय की नियम लागतच नाहीये?

निवांत नेटकर

दोन्ही. एकेक घेऊ. कमांडी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगने करा.

आधी ते शून्य आकडे. ३५६०, ३७५० आणि २९६० वर शो पॉलिसी-मॅप इंटरफेसचे आकडे बघायचेच नाहीत. या स्विचांवर वर्गीकरण हार्डवेअरमध्ये होतं आणि ती कमांड त्याची मोजदाद दाखवत नाही. सिस्कोच्या कागदपत्रातही तिकडे दुर्लक्ष करा असंच लिहिलंय. तिथलं शून्य पाहून चांगला नियम खोडणारे पुष्कळ असतात.

बघायचं ते हे:

शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस गिगाबिट १/०/५ स्टॅटिस्टिक्स

यात डीएससीपी: इनकमिंग आणि डीएससीपी: आउटगोइंग असे दोन तक्ते येतात. एका ओळीत पाच आकडे: ०-४, ५-९, १०-१४ असे. ४६ शोधायचा तर ४५-४९ या ओळीतला दुसरा आकडा. जी.७११ (आवाजाचं कोडिंग) कॉल २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांनी जातो, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेटं. कॉल चालू ठेवून दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा कमांड द्या. फोनच्या पोर्टवर इनकमिंगमधला तो आकडा साधारण ५०० ने वाढला तर फोन स्वतःच ४६ ची खूण लावून पाठवतोय. हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

आता खूण मरते कुठे. एमएलएस क्यूओएस दिलं की प्रत्येक पोर्ट अविश्वासू होतो आणि त्यातून आत येणाऱ्या पॅकेटचा डीएससीपी पुसून ० होतो. क्यूओएस बंद असताना खूण जशीच्या तशी पलीकडे जात होती, चालू केल्यावर ती गेली. तुमच्या कॉन्फिगमध्ये अपलिंकचा, म्हणजे स्विचला स्विच जोडणाऱ्या दुव्याचा, उल्लेखच नाही. अपलिंकवर ट्रस्ट नसेल तर अ‍ॅक्सेस स्विचने (ज्याला फोन जोडलेत त्याने) कितीही नीट ४६ लावला तरी कोअर तो आत घेतानाच पुसणार.

दोन स्विचमधल्या प्रत्येक दुव्याच्या दोन्ही टोकांना: एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी. अ‍ॅस्टरिस्कच्या पोर्टवरही तेच, तो सर्व्हर आपल्याच ताब्यात आहे.

टोकनरिंग

+१. आणि अपलिंकवर ट्रस्ट कॉस देऊ नका, बऱ्याच तयार कॉन्फिगांमध्ये ते असतं. कॉस हा ८०२.१क्यू टॅगमधला तीन बिटांचा आकडा. नेटिव्ह व्हीलॅनची फ्रेम बिनटॅगची जाते, तिला कॉस नाहीच, म्हणून पोर्टचा डिफॉल्ट ० लागतो. शिवाय कॉसवरून डीएससीपी काढायचा मूळ तक्ता ० ८ १६ २४ ३२ ४० ४८ ५६ असा आहे. म्हणजे कॉस ५ आला की डीएससीपी ४० बनतो, ४६ नाही. बिटांत बघा: ४६ म्हणजे १०१११०, त्याचे पहिले तीन १०१ म्हणजे ५, परत फिरताना मात्र १०१००० होतं, म्हणजे ४०.

गंमत अशी की स्विचवर हे लक्षातच येत नाही, कारण ४० ते ४७ सगळे बाहेर जाताना पहिल्याच रांगेत पडतात. बोंब होते राउटरवर, तिथे नियम ईएफ म्हणजे फक्त ४६ बघतो. कॉसवर विसंबायचंच असेल तर चारही स्विचवर:

एमएलएस क्यूओएस मॅप कॉस-डीएससीपी ० ८ १६ २४ ३२ ४६ ४८ ५६

क्रिम्पर

अपलिंकवर खरोखरच काही नव्हतं. दोन्ही टोकांना ट्रस्ट डीएससीपी दिलं. राउटरच्या पोर्टवर आता काही कॉल ४६ दिसतात, काही ०. फोनच्या पोर्टवर इनकमिंगमध्ये ४६ वाढतोय, म्हणजे फोन खूण लावतो. मग काही कॉलच का?

निवांत नेटकर

४६ दिसणारे कॉल बहुधा अ‍ॅस्टरिस्कमधून बाहेर जाणारे असतील, त्याच्या पोर्टवर आता ट्रस्ट आहे. ज्यांचा आवाज फोनवरून थेट पलीकडे जातो ते ० राहतात. अ‍ॅस्टरिस्कमध्ये डायरेक्ट मीडिया चालू आहे का बघा.

फोनच्या पोर्टवर दोन घोळ आहेत.

पहिला: ट्रस्ट डिव्हाइस सिस्को-फोन हे सीडीपीवर, म्हणजे शेजारचं उपकरण ओळखायच्या सिस्कोच्या प्रोटोकॉलवर, चालतं. पलीकडे सिस्कोचा फोन दिसला तरच विश्वास. येलिंकला एलएलडीपी-मेड या तशाच खुल्या प्रोटोकॉलमधून व्हॉइस व्हीलॅन कळतो, तो चालूही होतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण पोर्ट अविश्वासूच राहतो.

दुसरा: एकाच पोर्टवर ट्रस्ट आणि सर्व्हिस-पॉलिसी इनपुट दोन्ही एकत्र नांदत नाहीत. शेवटी दिलेलं खरं. दोन्हींपैकी एकच ठेवा, आणि मागे पीसी आहे तर पॉलिसीच ठेवा. नुसतं ट्रस्ट डीएससीपी दिलंत तर पीसीवरचं कुठलंही सॉफ्टवेअर स्वतःला ४६ लावून आवाजाच्या रांगेत घुसेल.

दोन मॅच का घेत नाही? या मालिकेत एका क्लास-मॅपमध्ये एकच मॅच चालते, त्यामुळे मॅच-ऑल आणि मॅच-एनी यांत फरकच उरत नाही. पण दोन अटी एसीएलच्या एकाच ओळीत बसतात:

आयपी अ‍ॅक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड आवाज
 परमिट यूडीपी १०.२०.२०.० ०.०.०.२५५ एनी डीएससीपी ईएफ
आयपी अ‍ॅक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड सिग्नल
 परमिट यूडीपी १०.२०.२०.० ०.०.०.२५५ एनी ईक्यू ५०६०
 परमिट टीसीपी १०.२०.२०.० ०.०.०.२५५ एनी रेंज ५०६० ५०६१
क्लास-मॅप मॅच-ऑल क-आवाज
 मॅच अ‍ॅक्सेस-ग्रुप नेम आवाज
क्लास-मॅप मॅच-ऑल क-सिग्नल
 मॅच अ‍ॅक्सेस-ग्रुप नेम सिग्नल
पॉलिसी-मॅप फोन-पोर्ट
 क्लास क-आवाज
  सेट डीएससीपी ईएफ
  पोलीस २५६००० ८००० एक्सीड-अ‍ॅक्शन ड्रॉप
 क्लास क-सिग्नल
  सेट डीएससीपी सीएस३
  पोलीस ३२००० ८००० एक्सीड-अ‍ॅक्शन पोलीस्ड-डीएससीपी-ट्रान्समिट

मग फोनच्या पोर्टवर सर्व्हिस-पॉलिसी इनपुट फोन-पोर्ट. आउटपुटला पॉलिसी या स्विचांवर लागत नाही, बाहेरची बाजू एसआरआर (पाळीपाळीने सोडायच्या) रांगांनी हाताळायची. कुठल्याच क्लासमध्ये न बसणारं सगळं डीएससीपी ० होऊन जातं, आणि पीसीच्या वाहतुकीसाठी तेच हवंय.

येलिंक सिग्नलिंगला मुळात २६ लावतो, म्हणजे एएफ३१. वरच्या नियमाने ते सीएस३ म्हणजे २४ होतं. राउटरवर दोहोंपैकी जे धराल तेच सगळीकडे ठेवा.

शेवटच्या ओळीतलं पोलीस्ड-डीएससीपी फसवं आहे. त्याचा तक्ता मुळात जसाच्या तसा असतो, २४ चा २४. म्हणजे मर्यादा ओलांडली तरी काहीच घडत नाही. खाली उतरवायचं तर आधी: एमएलएस क्यूओएस मॅप पोलीस्ड-डीएससीपी २४ टू ०.

भर दुपारी

पोलीसच्या (वेगमर्यादेच्या) ओळीत आवाजाला २५६००० कशासाठी? सिस्कोची तयार मांडणी, ऑटो क्यूओएस, तर १२८००० टाकतं.

निवांत नेटकर

हिशेब करा. जी.७११ चे १६० बाइट, आवाज वाहणाऱ्या आरटीपीचे १२, यूडीपी ८, आयपी २०, मिळून २००. इथरनेटचे १८ आणि टॅगचे ४ धरले की २२२ बाइट. गुणिले ५०, गुणिले ८ म्हणजे ८८.८ केबीपीएस. एका कॉलला १२८ पुरतात. पण फोनवरच तिघांची कॉन्फरन्स लावली तर फोन दोन प्रवाह पाठवतो, १७७.६. मग पोलीस दर साडेतीन पॅकेटांतलं जवळपास एक टाकून देतो आणि तक्रार येते ती ‘कॉन्फरन्समध्येच आवाज फाटतो’ अशी. नेटवर्क रिकामं असतानाही फाटतो, त्यामुळे शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो.

८००० बाइट हा बर्स्ट (एकदम सोडायची सूट) या स्विचांवर कमीत कमी चालणारा आकडा. छोट्या पॅकेटांना पुरतो. मात्र हीच ओळ उचलून बॅकअपला १० एमबीपीएसवर रोखायला वापरू नका. १५०० बाइटच्या पाच फ्रेममध्ये तो बर्स्ट संपतो, टीसीपी सारखा आपटतो आणि १० च्या जवळही जात नाही. तिथे वेग गुणिले राउंड-ट्रिप असा हिशेब करा: १० एमबीपीएस, ५० मिलिसेकंद म्हणजे ६२,५०० बाइट.

टोकनरिंग

क्रिम्पर यांच्या मूळ रेंजबद्दल, कारण ती चूक फार जणांची होते.

एक म्हणजे १०००० ते २०००० ही अ‍ॅस्टरिस्कच्या नमुना आरटीपी फाइलमधली रेंज, सर्व्हरच्या बाजूची. फोनची स्वतःची आरटीपी रेंज ही वेगळी सेटिंग. फोन सर्व्हरशी बोलतो तेव्हा डेस्टिनेशन पोर्ट या रेंजमध्ये असतो, सर्व्हरकडून परत येताना हीच रेंज सोर्सला जाते. आवाज थेट गेला तर अ‍ॅस्टरिस्कची रेंज चित्रातच नाही. ट्रंकवाल्याच्या मीडिया सर्व्हरची रेंज आणखी तिसरीच. म्हणून पोर्टांवरून आवाज ओळखायचा म्हणजे सगळ्या जोड्या लिहाव्या लागतात, आणि एखादी राहतेच.

दुसरं टीकॅम, म्हणजे नियम ठेवायची स्विचची हार्डवेअर मेमरी. हार्डवेअर रेंज ओळखत नाही, बिटांचा साचा ओळखतं. ज्या चिपमध्ये रेंजसाठी वेगळी सोय नाही किंवा ती संपलेली आहे, तिथे रेंजचे तुकडे पडतात. १०००० पासून सुरू केलं की तुकडे असे: १६, ३२, ६४, १२८, २०४८, ४०९६, इथे १६३८३ गाठलं, पुढे २०४८, १०२४, ५१२, ३२, आणि शेवटच्या २०००० साठी एकट्याचा एक. एकूण अकरा नोंदी, एका ओळीच्या! याउलट सिस्कोची १६३८४ ते ३२७६७ बघा. बायनरीत ती ०१ आणि पुढे चौदा बिटं काहीही. एक नोंद, काम फत्ते. पोर्टवरूनच ओळखायचं असेल तर अ‍ॅस्टरिस्क आणि फोन दोन्हींची रेंज याच्या आत आणा.

टीकॅम भरल्याचं कन्सोलवर एखाद्या ओळीत येऊन जातं आणि पॉलिसी पोर्टवरून गळते. रनिंग-कॉन्फिगमध्ये सर्व्हिस-पॉलिसीची ओळ अजून आहे का, हे प्रत्येक बदलानंतर बघावं. किती जागा उरली ते शो प्लॅटफॉर्म टीकॅम युटिलायझेशनमध्ये.

कोपऱ्यातला रॅक

एवढा खटाटोप कशाला? ऑटो क्यूओएस व्हॉइप ट्रस्ट दिलं की एका ओळीत भागतं. कॉसचा तक्ताही ते आपोआप ४६ करतं, रांगाही लावतं.

निवांत नेटकर

रांगांपुरतं मान्य, त्याने लावलेले रांगांचे आकडे हाताने लिहिण्यापेक्षा बरे असतात. पण लेयर २ पोर्टवर ते ट्रस्ट कॉस लावतं. फोनच्या व्हीलॅन सेटिंगमध्ये प्रायोरिटी ० राहिलेली असेल तर फोनने डीएससीपी ४६ लावूनही स्विच कॉस ० वाचणार आणि ४६ चा ० करणार. हाच धागा पुन्हा पहिल्यापासून. द्यायचंच तर सगळ्यात आधी द्या, हाताने केलेल्या बदलांवर देऊ नका, आणि दिल्यावर रनिंग-कॉन्फिग पूर्ण वाचा.

भर दुपारी

एसीएलमध्ये डिनाय लिहिला तर पॅकेट अडतं का? प्रिंटरला आवाजाच्या क्लासमधून वगळायचंय.

टोकनरिंग

अडत नाही. क्यूओएसच्या एसीएलमध्ये परमिट म्हणजे ‘या क्लासचा’, डिनाय म्हणजे ‘या क्लासचा नाही, पुढचा क्लास बघ’. वगळायचा पत्ता डिनायने परमिटच्या वर लिहा. क्लासांचा क्रमही वरून खालीच: परमिट आयपी एनी एनीवाला क्लास वर गेला की खालचे शोभेचे.

क्रिम्पर

फोनच्या पोर्टवरून ट्रस्ट काढलं, वरची पॉलिसी लावली. दोन २९६०-एस वर झालं. तिसरा क्लास-मॅपची कमांडच ओळखत नाही.

निवांत नेटकर

शो व्हर्जन बघा, लॅन लाइट (कमी सोयींचं सॉफ्टवेअर) असणार. क्लास-मॅप, पॉलिसी-मॅपसाठी लॅन बेस लागतं, आणि २९६०-एस मध्ये हा फरक मॉडेलमध्येच ठरलेला असतो, लायसन्स टाकून बदलत नाही. त्या स्विचवर फोनच्या पोर्टला ट्रस्ट कॉस द्या, फोनची व्हीलॅन प्रायोरिटी ५ करा, आणि लॅन लाइटमध्ये तक्ता बदलता येत नाही, म्हणून कोअरच्या त्या दुव्याच्या पोर्टवरही ट्रस्ट कॉस देऊन कोअरवरचा कॉसचा तक्ता ४६ ला दुरुस्त करा. पीसीच्या फ्रेम बिनटॅगच्या येतात, म्हणून त्यांना कॉस ० च मिळेल. पॉलिसीइतकं घट्ट नाही, पण चालतं.

क्रिम्पर

झालं. राउटरच्या पोर्टवर आता सगळा आवाज ४६, सिग्नल २४. पण बॅकअप चालू असताना तुटकपणा अजून तसाच!

टोकनरिंग

तुटणारच. खूण लावून अर्धंच काम झालं. कोअर ते राउटर पोर्ट १ गिगाबिट, लाइन १० एमबीपीएस. स्विचची रांग कधी भरतच नाही, त्यामुळे कुणाला आधी सोडायचं हा प्रश्नच तिथे येत नाही. जादाची पॅकेटं सेवादात्याच्या टोकाला पडतात आणि त्याला तुमच्या खुणेचं सोयरसुतक नाही. गर्दी आपल्या राउटरवर ओढून आणायची, म्हणजे राउटरनेच वेग लाइनपेक्षा थोडा कमी ठेवायचा: बाहेरच्या इंटरफेसवर मुख्य पॉलिसीत शेप अ‍ॅव्हरेज ९५०००००, तिच्या आत दुसरी पॉलिसी, ईएफला प्रायोरिटी २०००, उरलेल्याला फेअर-क्यू. एका वेळी वीस कॉल धरले तर वीस गुणिले ८८.८ म्हणजे १.७७६ एमबीपीएस, म्हणून २०००. राउटरला शेपिंग येत नसेल तर त्याचा पोर्ट १०० वर आणून स्विचवर एसआरआर-क्यू बँडविड्थ लिमिट १० देता येतं, पण हार्डवेअर तो आकडा सहा-सहाच्या पायऱ्यांनी धरतं, नेमका १० एमबीपीएस मिळेलच असं नाही. तो शेवटचा पर्याय.

निवांत नेटकर

राउटरच्या पोर्टवर आणि सगळ्या अपलिंकवर प्रायोरिटी-क्यू आउट द्यायला विसरू नका. मूळ सेटिंग एसआरआर-क्यू बँडविड्थ शेप २५ ० ० ० असं असतं. पाहणाऱ्याला वाटतं आवाजाला २५ टक्के मिळाले. शेपचा आकडा उलटा वाचायचा: पंचविसावा भाग, म्हणजे ४ टक्के. १०० च्या पोर्टवर ४ एमबीपीएस आणि ती कमाल मर्यादा. एका फोनला पुष्कळ, सगळ्या साठ जणांचा आवाज जिथून जातो तिथे नाही. प्रायोरिटी-क्यू आउट दिलं की पहिल्या रांगेचं शेप बाजूला पडतं.

स्टॅटिस्टिक्समध्ये ड्रॉप वाचताना रांगांचे आकडे ० ते ३ असतात, कॉन्फिगमध्ये १ ते ४. तिथली ‘क्यू ०’ म्हणजे आपली पहिली, आवाजाची. ‘क्यू १’ मधले ड्रॉप पाहून आवाज पडतोय असं समजू नका, तो साधा डेटा आहे.

कोपऱ्यातला रॅक

कॅटॅलिस्ट ९००० मालिकेवर आलात की यातलं निम्मं विसरा. तिथे एमएलएस क्यूओएस ही कमांडच नाही, पोर्ट मुळातच विश्वासू, क्लासमध्ये अनेक मॅच चालतात म्हणून मॅच-ऑल की मॅच-एनी याला अर्थ येतो, पॉलिसी दोन्ही दिशांना लागते. जुनं कॉन्फिग चिकटवलं तर फोनच्या मागचे पीसी हव्या त्या खुणा पाठवत बसतील, कारण पुसणारं कुणी नाही.

क्रिम्पर

शेप आणि प्रायोरिटी-क्यू दोन्ही लावलं. बॅकअप चालू ठेवून तपासलं: राउटरच्या पोर्टवर ४५-४९ ओळीतला दुसरा आकडा एका कॉलला दहा सेकंदांत ५०० ने वाढतो, क्यू ० मध्ये ड्रॉप शून्य, राउटरच्या प्रायोरिटी क्लासमध्येही ड्रॉप शून्य. आवाज स्वच्छ. मंडळ आभारी आहे. फोन न उचलता नियम तपासायची काही सोय?

टोकनरिंग

लिनक्स लॅपटॉपला व्हॉइस व्हीलॅनचा पत्ता द्या आणि आयपर्फ३ (चाचणीची वाहतूक सोडणारं साधन) यूडीपीवर, डीएससीपी ४६ देऊन, १०० केबीपीएसने चालवा. पिंगने करायचं तर लिनक्सवर क्यू पर्यायाला १८४ द्या. तिथे पूर्ण टॉस बाइट लागतो, आणि ४६ दोन बिटं डावीकडे सरकवले की १८४. मात्र वरचा नियम फक्त यूडीपीचा आहे, पिंग आयसीएमपी असल्याने त्यात बसणार नाही, फोनच्या पोर्टवर ते ० च होणार. अपलिंकचा ट्रस्ट तपासायला ते पुरतं. विंडोजच्या पिंगमधला व्ही पर्याय आता काहीच करत नाही.

मिरर करताना दिशा बघा. आत येणारी दिशा मिरर केली तर प्रत बदल होण्याआधीची असते, नियम बरोबर असूनही जुनाच डीएससीपी दिसेल. बाहेर जाणाऱ्या दिशेची प्रत बदलानंतरची.

भर दुपारी

वायफायवरच्या सॉफ्टफोनसाठी हेच पुरेल?

टोकनरिंग

तारेवर हो. हवेत मात्र बरेच अ‍ॅक्सेस पॉइंट डीएससीपीचे वरचे तीन बिट उचलतात, ४६ चे ५ होतात, आणि वायफायमध्ये ५ म्हणजे व्हिडिओचा वर्ग, आवाजाचा ६. २०१८ चं आरएफसी ८३२५ ४६ ला ६ करायला सांगतं. कंट्रोलरमध्ये तो तक्ता बदलायची सोय असेल तर ४६ समोर ६ लिहा, आणि अ‍ॅक्सेस पॉइंटच्या स्विच पोर्टवर ट्रस्ट डीएससीपी द्या. कॉस नको, तिथे पुन्हा ४० चं भूत उभं राहील.